मेकॅनिकल कीबोर्डच्या कीकॅप्स: दर्जा, स्पर्श आणि आवाज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीकॅप्स बदलल्याने टंकलेखनात खरोखर फरक पडतो, की हा केवळ हौसेचा मामला आहे?

हौस आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु फरकही पडतो. मेकॅनिकल कीबोर्ड घेताना बहुतेकांची सारी चर्चा लाल, निळ्या आणि तपकिरी स्विचांभोवती, म्हणजे प्रत्येक बटणाखालच्या यंत्रणेभोवती, फिरते, आणि दिवसभरात हजारो वेळा बटणे दाबणारे बोट स्विचला एकदाही लागत नाही, ही साधी गोष्ट त्या चर्चेत राहून जाते. बोट टेकते ते स्विचवर बसवलेल्या प्लास्टिकच्या टोपीवर. ती टोपी खरखरीत आहे की निसरडी, तिचा माथा सपाट आहे की खोलगट, पुढच्या ओळीकडे जाताना बोटाला किती उंच उचलावे लागते आणि दाबल्यावर आवाज भरीव येतो की पोकळ, हे सर्व कीकॅप ठरवते. स्विच तेच ठेवून फक्त कीकॅप्स बदलल्या, तर घरातल्या माणसांना आपण नवा कीबोर्ड आणला असे वाटते, इतका हा बदल जाणवतो.

चांगली कीकॅप कशावरून ओळखावी?

पुष्कळ जण प्लास्टिकच्या नावावरून, म्हणजे ते एबीएस आहे की पीबीटी यावरून, निकाल देतात. माझा क्रम वेगळा आहे. आधी आकार, म्हणजे ज्याला प्रोफाइल म्हणतात तो. मग भिंतींची जाडी. त्यानंतर साच्यातून ती किती सफाईने निघाली आहे. आणि मग प्लास्टिक कोणते आहे व अक्षरे कोणत्या पद्धतीने उमटवली आहेत. पातळ, वाकडी आणि कडांना कुसळे राहिलेली पीबीटी कीकॅप ही जाड व नेटक्या एबीएस कीकॅपपेक्षा कोणत्याही अर्थाने श्रेष्ठ नसते, जरी खोक्यावर मोठ्या अक्षरांत पीबीटी छापलेले असले तरी.

हाताळून पाहण्याची संधी मिळाली, तर कीकॅप उलटी करावी. स्विचचा दांडा जिच्यात बसतो ती आतील अधिक चिन्हासारखी खाच मधोमध आहे का, भिंतींची जाडी चारही बाजूंनी सारखी आहे का, साच्यात प्लास्टिक शिरले त्या जागी राहिलेला टोचणारा उंचवटा दर्शनी बाजूला येतो का, हे पाहावे. वरची बाजू सर्वच निर्माते चकाचक करतात. त्यामुळे कारागिरीचा खरा अंदाज आतूनच येतो.

एबीएस आणि पीबीटी यांत नेमका फरक काय?

दोन्ही प्लास्टिकेच आहेत, पण त्यांची अंतर्रचना भिन्न आहे. एबीएस हे ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांपासून बनते. त्याचे रेणू कोणत्याही ठरावीक रचनेत बसत नाहीत, त्यामुळे वितळलेले एबीएस साच्यात थंड होताना फारच थोडे, साधारण अर्धा टक्का, आकसते. पीबीटी, म्हणजे पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट, हे अंशतः स्फटिकी असते. थंड होताना त्याचे रेणू एकमेकांना खेटून बसतात आणि आकसणे दीड ते दोन टक्क्यांपर्यंत जाते. साचा बनवताना याचा हिशोब धरलेला असतो; अडचण येते ती कीकॅपचा एक भाग दुसऱ्याच्या आधी थंड झाला की. मग आकसणे असमान होते आणि तुकडा वाकतो.

याचा परिणाम दोन टोकांना दिसतो. एबीएसमध्ये रेखीव कडा, अचूक मापे आणि ताजे, भडक रंग सहज मिळतात. जर्मनीतील जीएमके ही कंपनी चेरी या स्विच व कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या साच्यांवर काढत असलेले, संग्राहकांमध्ये अतिशय मागणी असलेले महागडे संच एबीएसचेच आहेत. एबीएस म्हणजे स्वस्त माल, हा समज तेवढ्यावरच निकालात निघायला हरकत नाही. पीबीटी अधिक कठीण असते, उष्णता व तेलकटपणा यांना अधिक दाद देत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग बहुधा बारीक वाळूसारखा खरखरीत ठेवलेला असतो. ज्यांच्या बोटांना घाम येतो, त्यांना ही खरखर आवडते. मुंबई आणि कोकणातल्या मे महिन्यात तर ती आवडतेच. मात्र काहींना त्याच पृष्ठभागावर नखे घासल्यासारखे वाटते. हा आवडीचा प्रश्न आहे आणि तो दुसऱ्याच्या मतावर सोडवू नये.

पॉम नावाचे तिसरे प्लास्टिकही कधी कधी वापरले जाते. ते मुळातच बुळबुळीत, साबणाच्या वडीसारखे लागते. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक कीकॅप्स दिव्यांच्या शोभेसाठी घेतल्या जातात.

कीकॅप्सवर चकाकी का येते? पीबीटीवर ती कधीच येत नाही, हे खरे का?

ही चकाकी म्हणजे साचलेले तेल नव्हे, कारण तसे असते तर ती धुऊन गेली असती. नव्या कीकॅपच्या माथ्यावर सूक्ष्म खडबडीतपणा असतो, जो साच्याच्या पोलादी पृष्ठभागावरून प्लास्टिकवर उतरलेला असतो. बोटांच्या घर्षणाने त्याची शिखरे हळूहळू झिजतात आणि पृष्ठभाग आरशासारखा प्रकाश परावर्तित करू लागतो. जुन्या देवळाची पायरी मधोमध गुळगुळीत होते, तसाच हा प्रकार आहे. एबीएस मऊ असल्यामुळे त्यावर ही अवस्था लवकर येते. रोज बरेच लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर काही महिन्यांतच स्पेसबारच्या त्या बाजूला, जिथे अंगठा पडतो, काळा आरसा तयार होतो.

पीबीटीवर चकाकी येत नाही, ही विक्रेत्यांनी रूढ केलेली समजूत आहे. ती येते, उशिरा येते. झिजलेला पृष्ठभाग परत आणण्याचा घरगुती उपाय नाही. काही जण बारीक सँडपेपर फिरवतात, त्याने चकाकी जाते आणि त्याबरोबर कीकॅपचे रूपही जाते.

हातातील कीकॅप एबीएसची आहे की पीबीटीची, हे घरी कसे तपासावे?

मिठाच्या पाण्याने. एबीएसची घनता सुमारे 1.05 आणि पीबीटीची सुमारे 1.3 असते, त्यामुळे साध्या पाण्यात दोन्ही बुडतात आणि काहीच कळत नाही. 200 मिलिलिटर पाण्यात साधारण 40 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवले, की पाण्याची घनता या दोहोंच्या मध्ये येते. त्यात एबीएस तरंगते आणि पीबीटी तळाला जाते. कीकॅप वाटीसारखी असल्यामुळे तिच्यात हवेचा बुडबुडा अडकून पीबीटीदेखील तरंगू शकते. म्हणून ती पाण्याखाली आडवी धरून बुडबुडा आधी काढून टाकावा. तपासणीनंतर गोड्या पाण्याने धुवावी.

एक मर्यादा लक्षात ठेवावी, की पॉमही बुडते. पण त्याचा बुळबुळीत स्पर्श ओळखायला चाचणीची गरज पडत नाही. ॲसिटोन लावून पाहण्याचा सल्लाही दिला जातो. एबीएस त्यात विरघळते, म्हणजे चाचणी यशस्वी होते आणि कीकॅप वाया जाते. ज्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते, ते याच कारणाने कीबोर्डपासून दूर ठेवावे.

प्रोफाइल म्हणजे काय, आणि कोणते निवडावे?

कीकॅपची उंची, उतार आणि माथ्याचा आकार या तिन्ही मिळून प्रोफाइल होते. बहुतेक प्रोफाइलांत प्रत्येक ओळीचा उतार वेगळा असतो. आकड्यांची ओळ आपल्याकडे झुकलेली, मधली ओळ खोल आणि खालची ओळ किंचित विरुद्ध दिशेने कललेली असते, त्यामुळे बाजूने पाहिल्यास कीबोर्ड उथळ परातीसारखा दिसतो. बोटे पुढे-मागे जाताना कमानीत फिरतात, सरळ रेषेत नव्हे. ही रचना त्या कमानीशी जुळते.

चेरी प्रोफाइल बुटके आहे आणि त्याचा माथा पन्हळीसारखा, म्हणजे डावी-उजवीकडे वर आलेला असतो. तयार कीबोर्डांवर सर्वाधिक आढळणारे ओईएम प्रोफाइल त्याच घडणीचे, पण थोडे उंच आहे. अमेरिकेतील सिग्नेचर प्लास्टिक्सचे एसए प्रोफाइल कितीतरी उंच असून त्याचा माथा वाटीसारखा चहूबाजूंनी खोलगट असतो. त्यात बोटाचे टोक बरोबर बसते आणि आवाजही घुमतो. एमटी3 याच जातीचे, पण त्याची वाटी अधिक खोल आहे. याउलट डीएसए आणि एक्सडीए यांमध्ये सर्व ओळी एकाच उंचीच्या असतात. ज्यांना अक्षरांची मांडणी स्वतः बदलायची असते, त्यांना हे सोयीचे पडते, कारण कोणतीही कीकॅप कोठेही बसवली तरी उतार बिघडत नाही.

माझे मत विचाराल, तर पहिल्यांदा कीकॅप्स बदलणाऱ्याने चेरी प्रोफाइल घ्यावे. बुटकेपणामुळे मनगट फारसे वर वाकवावे लागत नाही आणि सवय दोन-तीन दिवसांत होते. एसए दिसायला देखणे आहे; परंतु टेबल उंच आणि खुर्ची बुटकी, अशी आपल्याकडच्या बहुसंख्य घरांतली बैठक असेल, तर त्या उंचीने मनगट तासाभरात तक्रार करू लागते. एसए घ्यायचेच असेल, तर हातांखाली लाकडी आधार ठेवण्याची तयारी असावी.

अशा एकाच उंचीच्या प्रोफाइलांची एक अडचण सहसा सांगितली जात नाही. न पाहता लिहिणाऱ्याला आपण कोणत्या ओळीवर आहोत, याची सूचना उतारावरूनच मिळते. ती नाहीशी झाली, की सुरुवातीचे काही दिवस बोटे वरच्या ओळीऐवजी मधल्या ओळीवर पडतात.

कीकॅपच्या जाडीचा आवाजाशी काय संबंध?

बटण तळाला आदळते तेव्हा स्विच, स्विच जिच्यात बसवलेले असतात तो पत्रा आणि कीबोर्डची पेटी यांच्याबरोबर कीकॅपही कंप पावते. भिंती सुमारे 1 मिलिमीटरच्या असतील, तर हलकी कीकॅप उंच पट्टीत टिकटिकते, 1.5 मिलिमीटरच्या आसपासची जड कीकॅप खालच्या पट्टीत, ठक्क असा आवाज देते. कॅरमची सोंगटी पातळ प्लायवर आपटते तेव्हाचा आणि जाड, भरीव बोर्डावर आपटते तेव्हाचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तथापि, आवाजाचे सगळे श्रेय कीकॅपला देणे चूक ठरेल. पोकळ पेटीच्या स्वस्त कीबोर्डवर महाग कीकॅप्स बसवून तो भरीव वाजेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आधी पेटीत फोमचा तुकडा घालून पाहावा.

अक्षरे उमटवण्याच्या पद्धतींपैकी सर्वांत टिकाऊ कोणती?

डबल-शॉट. यात अक्षर छापलेले नसतेच; एका रंगाच्या प्लास्टिकमध्ये अक्षराचा आकार ओतून त्याभोवती दुसऱ्या रंगाचे प्लास्टिक ओतले जाते. माथा कितीही झिजला, तरी अक्षर खोलवर असल्यामुळे पुसले जात नाही.

त्याखालोखाल डाय-सब्लिमेशन. सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या आसपास रंगाची वाफ होऊन ती प्लास्टिकच्या आत शिरते आणि तिथेच राहते. बोटाला अक्षराची कड लागत नाही. एबीएस 100 अंशांच्या थोडे पुढे गेले की मऊ पडते, म्हणून ही पद्धत मुख्यतः पीबीटीवर वापरतात. रंग मूळ प्लास्टिकपेक्षा गडदच असावा लागतो, हे तिचे बंधन आहे. काळ्या कीकॅपवर पांढरे अक्षर हवे असेल, तर पांढऱ्या कीकॅपवर अक्षर सोडून उरलेला सगळा भाग काळा रंगवावा लागतो.

लेझरने कोरलेली अक्षरे मध्यम टिकतात. साध्या शाईने छापलेली अक्षरे वर्ष-दोन वर्षांत जातात, आणि सर्वांत आधी ए, ई आणि एस यांसारख्या सतत लागणाऱ्या बटणांवरची जातात.

मराठी अक्षरे असलेल्या कीकॅप्स चांगल्या दर्जात का मिळत नाहीत?

याची कारणे बाजारपेठेइतकीच तांत्रिकही आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 13194:1991 या मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, तर उजव्या हाताला बहुतेक व्यंजने येतात. साध्या दाबाने क, आणि शिफ्टसह ख, अशी जोडी एकाच बटणावर असते. म्हणजे एका कीकॅपवर रोमन अक्षर, मूळ देवनागरी अक्षर आणि शिफ्टचे देवनागरी अक्षर अशी तीन चिन्हे मावायला हवीत. सामान्य डबल-शॉट पद्धतीत प्रत्येक कीकॅपसाठी पोलादाचा स्वतंत्र साचा कोरावा लागतो, आणि तो खर्च भरून निघण्यासाठी हजारो संच विकावे लागतात. शिवाय ब, भ, ष यांसारख्या अक्षरांत बंद पोकळ्या आहेत. त्या पोकळीत दुसरे प्लास्टिक पोचवण्यासाठी अक्षराखालून वाट काढावी लागते. जाडजूड रोमन ओमध्ये हे साधते. बारीक गाठी असलेल्या देवनागरीत अक्षर एक तर ढोबळ होते किंवा भरून जाते.

त्यामुळे डाय-सब्लिमेशन हाच देवनागरीसाठी व्यवहार्य मार्ग आहे. त्यात साचा एकच राहतो, बदलतो तो केवळ छापा, आणि तीन चिन्हे दोन रंगांत वेगळी दाखवता येतात. लहान निर्मात्याकडून असा संच करून घेण्यापूर्वी नमुना मागवून तीन गोष्टी तपासाव्यात: एनच्या बटणावर शिफ्टच्या जागी ळ आहे का, जेच्या बटणावर शिफ्टला ऱ आहे का, आणि सुट्या मात्रा अक्षरापासून तुटून तरंगताना दिसत नाहीत ना. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या संचांत नेमकी ळ आणि ऱ हीच अक्षरे गळण्याची शक्यता असते.

तरीही प्रश्न उरतो, की ही अक्षरे हवीत कोणाला? जुन्या टंकयंत्रावर शिकलेल्यांची बोटे रेमिंग्टन मांडणीत तयार झालेली आहेत. त्यांना इन्स्क्रिप्टच्या कीकॅप्स उलट गोंधळात टाकतील. रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिणाऱ्यांना त्यांची गरजच नाही. इन्स्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्यांना मात्र पहिले दोन-तीन महिने त्यांचा खरा उपयोग होतो. तेवढ्या काळासाठी चिकटपट्टीची अक्षरे स्वस्त पडतात. पण चिकटपट्टीच्या कडा बोटाला लागतात आणि पुढे त्यांखाली धुळीची काळी रेघ जमते, म्हणून शिकून झाल्यावर त्या लगेच काढून टाकाव्यात.

जाता जाता: रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने 2010 मध्ये स्वीकारले, परंतु परदेशी संचांमध्ये चारच्या आकड्यावर डॉलरच असतो. भारतीय इंग्रजी मांडणी निवडलेली असल्यास उजवा ऑल्ट आणि चार दाबून ₹ उमटते, कीकॅपवर ते छापलेले असो वा नसो.

नवा संच माझ्या कीबोर्डवर बसेल का?

दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्विचच्या मधोमध अधिक चिन्हासारखा दांडा आहे का. चेरीने 1980 च्या दशकात रूढ केलेला हा आकार आज बहुसंख्य स्विचांवर आढळतो. लॅपटॉपसारख्या बुटक्या स्विचांचे दांडे अनेकदा वेगळे असतात आणि त्यांवर हे संच बसत नाहीत.

दुसरी गोष्ट मोठ्या बटणांच्या मापांची. साध्या अक्षराच्या बटणाची जागा 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, आणि तेच एक एकक. 104 बटणांच्या नेहमीच्या कीबोर्डवर स्पेसबार 6.25 एककांचा, त्याच्या बाजूची बटणे 1.25 एककांची आणि उजवी शिफ्ट 2.75 एककांची असते. छोट्या कीबोर्डांवर हीच उजवी शिफ्ट बऱ्याचदा 1.75 एककांची असते, आणि साध्या संचात ती कीकॅप नसेल तर नव्या रंगांच्या मधोमध एक जुनी काळी कीकॅप ठेवून दिवस काढावे लागतात.

आणखी एक बारीक अडचण: ज्या कीबोर्डमध्ये स्विचचा दिवा वरच्या बाजूला असतो, तेथे चेरी प्रोफाइलच्या मधल्या ओळीची कीकॅप स्विचच्या कवचावर आपटू शकते. दिवा आपल्या बाजूला, म्हणजे खाली असेल, तर हा प्रश्न येत नाही.

नव्या पीबीटी संचातील स्पेसबार डुगडुगतो. दोष स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब बटण समतोल ठेवणाऱ्या तारेच्या जोडणीचा, की कीकॅपचा?

मी घेतलेल्या पहिल्याच पीबीटी संचाचा स्पेसबार एका बाजूने वर राहत असे, आणि मी आठवडाभर स्टॅबिलायझरच्या तारा सरळ करत बसलो होतो. शेवटी तो स्पेसबार काढून आरशावर पालथा ठेवला, तेव्हा एक पाय आखूड झालेल्या पाटासारखा तो हलू लागला. विक्रेत्याने तो बदलून दिला नाही. आधी ही आरशाची चाचणी करावी, तारांना हात नंतर लावावा. सुमारे 12 सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यात वर सांगितलेले असमान आकसणे सर्वाधिक दिसते. म्हणूनच काही निर्माते सगळा संच पीबीटीचा करून स्पेसबार तेवढा एबीएसचा देतात, आणि रंग-पोतातला किंचित फरक पत्करूनही मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

वाक थोडा असेल, तर गरम पाण्यात काही मिनिटे धरून मऊ झालेला तुकडा हलक्या हाताने उलट दिशेला दाबून थंड होऊ देण्याचा प्रयोग लोक करतात. कधी साधतो, कधी वाक दुसऱ्या बाजूला जातो.

कीकॅप्स कशा काढाव्यात आणि धुवाव्यात?

तारेच्या चिमट्याने, सरळ वर ओढून. प्लास्टिकच्या गोल चिमट्याने कडांवर ओरखडे उठतात, आणि चमच्याच्या दांड्याने उचकटल्यास आतील खाच तडकते. काढण्यापूर्वी कीबोर्डचे छायाचित्र घेऊन ठेवावे. आपल्याला सगळे पाठ आहे, हा आत्मविश्वास शंभर कीकॅप्स टेबलावर पसरल्यावर टिकत नाही.

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून तासभर भिजत ठेवाव्यात, मऊ ब्रशने घासाव्यात आणि पंख्याखाली पालथ्या घालून पूर्ण वाळवाव्यात. पावसाळ्यात यासाठी पूर्ण दिवस लागतो, कारण खाचेत अडकलेला थेंब बाहेरून दिसत नाही आणि कीकॅप बसवताच तो स्विचमध्ये उतरतो.

पांढऱ्या कीकॅप्स पिवळ्या पडल्या, तर त्या पुन्हा पांढऱ्या होतात का?

एबीएसमधील ब्युटाडाइनचा अंश ऊन आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे बदलतो आणि पिवळेपणा येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यास रंग बराच उजळतो, पण पुढे तो परत पिवळा पडू शकतो. पीबीटीमध्ये हा त्रास फारच कमी असतो. आयबीएमने 1985 मध्ये आणलेल्या मॉडेल एम कीबोर्डच्या पीबीटी कीकॅप्स, ज्यांवरील अक्षरे डाय-सब्लिमेशननेच उमटवलेली होती, आजही अनेकदा पेटीपेक्षा उजळ दिसतात, कारण पेटी वेगळ्या प्लास्टिकची होती. त्या कीकॅप्स मात्र आजच्या स्विचांवर बसत नाहीत. कोणी जुन्या बाजारात स्वस्तात देऊ केल्या, तर एवढे आधी पाहून घ्यावे.

घट्ट बसणाऱ्या कीकॅप्स दाबून बसवल्या तर चालतील का?

नाही. खाच किंचित घट्ट असणे चांगले, पण अंगठ्याने जोर लावावा लागत असेल तर थांबावे. खाचेची भिंत ताणली जाऊन पांढरी रेघ उमटते, आणि काही आठवड्यांनी तिथेच चीर जाते. स्विचचा दांडा मापापेक्षा जाड निघाल्याचे प्रकारही घडलेले आहेत. त्यामुळे सर्व कीकॅप्स चढवण्यापूर्वी एफ 12 सारख्या क्वचित लागणाऱ्या बटणावर एक बसवून, रात्रभर ठेवून, सकाळी काढून आतून पाहावी.